आईवडील आहेत तोवरच वेगळी चूल: बौद्धिक दिव्यांग माणसाचं स्वतंत्र राहणं कोकणात कसं उभं करावं

"आमच्या मागे याचं कसं व्हायचं?" या प्रश्नाला कोकणातल्या घरांत साधारण दोनच उत्तरं दिली जातात. मुंबईच्या भावाकडे पाठवायचं, नाहीतर कुठल्यातरी वसतिगृहात ठेवायचं. तिसरं उत्तर आहे: आपल्याच वाडीत, स्वतःच्या दाराची किल्ली स्वतःच्या खिशात ठेवून, लागेल तेवढी मदत घेत राहणं. त्याला कायद्याचा आधार आहे. उभं करायला मात्र दोन-तीन वर्षं लागतात, म्हणून आईवडील हिंडतेफिरते असतानाच सुरुवात करावी. आई गेल्यावर पंधरा दिवसांत बसवलेली घडी सहसा टिकत नाही. दुःख, नवं घर आणि नवी माणसं सगळं एकदमच अंगावर येतं.

आधी कायदा, कारण नातेवाईक पहिला वाद तिथेच घालतात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्याच्या कलम ५ प्रमाणे दिव्यांग व्यक्तीला समाजात राहण्याचा हक्क आहे आणि अमुकच ठिकाणी, अमुकच पद्धतीने राहण्याची सक्ती तिच्यावर होऊ नये यासाठी सरकारने झटायचं आहे. कलम १३ मालमत्ता बाळगण्याचा, वारसाहक्काने मिळवण्याचा आणि स्वतःचे पैशाचे व्यवहार सांभाळण्याचा हक्क इतरांच्या बरोबरीने देतं. यामागे संयुक्त राष्ट्रांचा २००६ चा करार आहे. त्याचं १९ वं कलम स्वतंत्र राहण्यावरच आहे आणि भारताने तो २००७ मध्ये मान्य केला. आणखी एक गोष्ट: मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ बौद्धिक दिव्यांगतेला मानसिक आजार मानत नाही. त्यामुळे "घरी कोणी नाही, मनोरुग्णालयात ठेवू" ही सोय कायद्याच्याही विरुद्ध आणि माणसाच्याही.

स्वतंत्र म्हणजे सगळं एकट्याने करणं नव्हे. कोणाला आंघोळीला मदत लागेल, कोणाला फक्त बँकेत सोबत. ठरवतो कोण, एवढंच पाहायचं.

कागद

पहिला कागद दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे देशभर चालणारं दिव्यांग ओळखपत्र. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर भरायचा. तपासणी सहसा जिल्हा रुग्णालयात होते: रायगडचं अलिबागला, रत्नागिरीचं रत्नागिरीत, सिंधुदुर्गचं ओरोसला. बौद्धिक दिव्यांगतेसाठी बुद्ध्यांकाबरोबर रोजच्या वागण्यातली जाण मोजतात, म्हणून सोबत रोज पाहणारं माणूस न्यावं, फक्त वडील नेले तर "घरात काय काय करतो?" याचं उत्तर बरेचदा अर्धंच मिळतं. सौम्य दिव्यांगतेला ५० टक्के, मध्यमला ७५, तीव्रला ९० आणि अतितीव्रला १०० असं प्रमाण धरतात. टक्के जास्त म्हणजे एकटं राहता येणार नाही, असा अर्थ काढू नये. तो आकडा सवलतींसाठी आहे, आयुष्याचा निकाल नव्हे.

त्यानंतर आधारला जोडलेलं, फक्त त्याच्या नावाचं बँक खातं. संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज तहसीलला. दिव्यांगांसाठी ही रक्कम २०२५ मध्ये १५०० वरून २५०० रुपये झाली. राष्ट्रीय न्यासाची (बौद्धिक आणि तशा दिव्यांगांसाठीच्या केंद्र सरकारी संस्थेची) निरामय आरोग्य विमा योजना एक लाखापर्यंतची आहे, तिला आधी वैद्यकीय तपासणी लागत नाही. दरवर्षी नूतनीकरण करायला विसरलं की संरक्षण जातं, आणि हे विसरणं फार होतं. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. ग्रामसभेत लेखी मागणी केली तर त्यातून कठडा किंवा पायऱ्यांना धरायचा पाइप होऊ शकतो. आईवडिलांपैकी कोणी सरकारी नोकरीत किंवा निवृत्त असेल, तर अपत्याला तहहयात कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकतं, पण कार्यालयाच्या नोंदीत त्याचं नाव आणि दिव्यांगत्व आधीच हवं. हे आजच करा.

शिधापत्रिका वेगळी, वीजमीटर, गॅस जोडणी आणि घरपट्टी त्याच्या नावावर: हे किरकोळ वाटतं. पुढे कोणी "तो आमच्याकडे राहायचा" म्हणू लागलं, की हीच चार कागदपत्रं कामाला येतात.

त्याला काय हवं, हे विचारायचं कसं

"तुला वेगळं राहायचंय ना?" असं विचारलं की उत्तर "हो" येतं. "आईजवळच राहायचंय ना?" यालाही "हो" येतं. समोरच्याला बरं वाटावं म्हणून होकार देण्याची सवय लहानपणापासून लागलेली असते. म्हणून एकच प्रश्न दोन उलट्या बाजूंनी, दोन वेगळ्या दिवशी विचारायचा. दोन पर्याय दिले तर शेवटी ऐकलेला उचलला जातो. दुसऱ्यांदा क्रम बदलून द्यायचा. उत्तर बदललं तर ते अजून उत्तर नाही. शब्दांपेक्षा दाखवणं बरं: रिकामी खोली दाखवा, तिथे दुपारभर बसू द्या, एक रात्र झोपू द्या, मग विचारा. बोलता न येणाऱ्याचं उत्तर वागण्यात दिसतं. पिशवी स्वतः भरतो का, संध्याकाळ झाली की दाराकडे जातो का, जेवण नेहमीइतकं जातं का. दिवस घालून हे वहीत लिहून ठेवा. पुढे पालक नेमणाऱ्या समितीसमोर (तिच्याबद्दल खाली आहे) किंवा भावकीत "त्याची इच्छा" दाखवायला तीच वही लागते.

घर

जुन्या मोठ्या घराची पडवी बंद करून केलेली खोली सर्वांत सोपी पडते: वेगळं दार, वेगळी चूल, वेगळं न्हाणीघर. दुसरा पर्याय वाडीतलंच छोटं घर, हाकेच्या अंतरावर. तालुक्याच्या गावी भाड्याची खोली शेवटी घ्यावी. तिथे दुकान-दवाखाना जवळ असतो, पण ओळखीची माणसं नसतात, आणि ओळख हीच कोकणातल्या वाडीची मोठी पुंजी.

विहिरीला कमरेच्या वर कठडा आणि वर जाळी, पाणी पंपाने टाकीत. नळाला पाणी ठरावीक वेळीच येत असेल, तर त्या वेळेचा गजर फोनवर लावा. चिऱ्याच्या पायऱ्यांची उंची एकसारखी करून घ्या. एखादीच उंच पायरी माणसाला पाडते. खळ्यापासून न्हाणीघरापर्यंत दिवा, आणि त्याचं बटण पलंगावरून हात पोचेल असं. अंधारात फुरशावर, म्हणजे विषारी सापावर, पाय पडू नये म्हणून टॉर्च आणि बंद चपला दारातच. दार आतून बंद करता यायला हवं, पण कडीऐवजी बाहेरून किल्लीने उघडता येईल असं कुलूप लावा. दुसरी किल्ली कोणाकडे ठेवायची ते त्यानेच सांगायचं.

फिट येत असतील तर आंघोळ बसून, बादलीने. न्हाणीघराला आतून कडी नको. चूल जमिनीवर नको. गोळ्या आठवड्याच्या डब्यात वारावारी भरायच्या, आणि संपायच्या आठवडाभर आधी आणायच्या. एकदम बंद पडल्या तर फिट हमखास वाढतात. फिट आल्यावर कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, कांदा-चप्पल हुंगवायची नाही. पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८.

भात

स्वयंपाक शिकवताना भातापासून सुरुवात करा, कारण भात झाला की जेवण झालंच. माणशी अर्धी वाटी तांदूळ, एक वाटी पाणी. उकड्या तांदळाला अर्धा तास भिजत आणि तिप्पट पाणी. पेज गाळून भात करायची जुनी पद्धत शिकवू नका: उकळतं पाणी ओतताना हात भाजतो. वाटी एकच ठेवा आणि कुकरच्या भांड्यात आतून पाण्याची रेघ कोरून घ्या. रंगाची खूण घासून जाते, शिवाय पोटात जाते.

पायऱ्यांचे फोटो काढायचे ते त्याच्याच शेगडीचे, त्याच्याच भांड्यांचे. इंटरनेटवरच्या चित्रातला लाल कुकर त्याच्या घरात नसतो, आणि तिथेच गाडी अडते. सहा-सात फोटो पुरेत. लॅमिनेशन करताना कागदाच्या चारही बाजूंना अर्धा सेंटीमीटर प्लास्टिक सुटं राहू द्या, नाहीतर पहिल्याच आषाढात कडेने दमट हवा शिरून कार्ड काळं पडतं.

शिकवायचं उलटीकडून. पहिले काही दिवस बाकी सगळं तुम्ही करा आणि शेवटची पायरी, वाफ जिरल्यावर झाकण काढून भात वाढणं, त्याला करू द्या. ते जमलं की त्याआधीची पायरी, गॅस बंद करणं. असं मागेमागे तांदूळ मोजण्यापर्यंत या. सुरुवातीपासून शिकवलं तर मधेच अडतो आणि हातात काहीच लागत नाही. उलटीकडून शिकवलं तर प्रत्येक दिवस तयार भाताने संपतो.

शिट्ट्या मोजायला लावू नका. कौलांवर पाऊस वाजायला लागला की शिट्टी ऐकू येत नाही, आणि शेजारच्या कुकरची आपली समजून गॅस लवकर बंद होतो. गळ्यात अडकवायचा टायमर घ्या: वाजला की गॅस बंद, मग टायमर पुन्हा दहा मिनिटं, तो वाजल्याशिवाय झाकणाला हात नाही. विजेचा राइस कुकर आपोआप थांबतो, त्यामुळे विसरभोळ्याला तोच बरा, पण वीज गेली की तो मुका. म्हणून विस्तवाशिवाय होणारं एक जेवण पक्कं शिकवून ठेवा. दडपे पोहे त्यासाठी उत्तम: पातळ पोहे, ओलं खोबरं, कांदा, मीठ, लिंबू. गॅसचा वास आला तर बटणाला हात न लावता रेग्युलेटर बंद, दारं उघडी, बाहेर येऊन १९०६ या गॅसगळतीच्या नंबरला फोन.

यात सर्वांत जास्त बिघडतं ते शिकवणाऱ्याच्या तोंडामुळे. "आता पाणी... आता झाकण..." असं बोलत राहिलं की तो पायरी शिकत नाही, तुमच्या आवाजाची वाट बघायला शिकतो. फोटोकडे बोट दाखवा, मनात दहा मोजा, मगच बोला.

पैसे

महिन्याची रक्कम एकदम हातात देऊ नका आणि अडकवूनही ठेवू नका. आठवड्याची चार-पाच पाकिटं करा आणि प्रत्येकावर खर्चाचं चित्र लावा. किंमत मोजता येत नसेल तर "वरची नोट" शिकवा: ४६ रुपये म्हटलं की पन्नासची, १३० म्हटलं की दोनशेची, आणि सुटे घेतल्याशिवाय हलायचं नाही. मासळीला हा नियम पुरत नाही, भाव रोज बदलतो. तिथे "शंभरात बसेल तेवढाच वाटा" असं ठरवून एकाच मासेवालीकडून घ्यावं. दुकानातली उधारीची वही नकोच. महिन्याअखेरीस तिचा आकडा कोणी तपासत नाही.

अनुदानाचं खातं आणि रोजच्या खर्चाचं खातं वेगळं ठेवा. फोनवरचं यूपीआय फक्त रोजच्या खर्चाच्या खात्याला जोडा, त्यात आठवड्यापुरतेच पैसे. अंगठा लावून पैसे काढण्याची सोय वाडीपर्यंत आली आहे, आणि "जरा अंगठा दे रे" म्हणणारेही आले आहेत. आधारच्या अॅपमधून बोटांचे ठसे बंद करून ठेवता येतात. लागेल तेव्हा थोडा वेळ उघडायचे. फसवणूक झालीच तर तासाभराच्या आत १९३० या सायबर फसवणुकीच्या नंबरला फोन.

बँकेने "पालकत्वाचा दाखला आणा, मगच खातं" म्हटलं तर लगेच दाखल्यामागे धावू नका. नकार लेखी मागा. लेखी तक्रारीला तीस दिवसांत समाधानकारक उत्तर आलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. लेखी मागितल्यावर सूर बरेचदा बदलतो.

एसटी

आधी एकच फेरी शिकवा: वाडी ते तालुका, जाऊन-येऊन. एसटीत दिव्यांगांना ७५ टक्के सवलत आहे. पाटी वाचता येत नसेल तर गावाच्या नावाचं कार्ड कंडक्टरला दाखवायचं. त्याच्या मागच्या बाजूला घरचा फोन नंबर. उतरायची खूण खिडकीतून दिसणारी घ्या, पूल किंवा देऊळ, आणि ती स्टॉपच्या आधी येणारी हवी. पहिले दिवस शेजारी बसा, मग दोन सीट मागे, मग दुचाकीने गाडीच्या मागून.

घोटाळा होतो तो सुट्टीत. शाळेसाठी सोडलेल्या फेऱ्या मे महिन्यात, दिवाळीत बंद होतात आणि वेळ पाठ असलेला माणूस स्टॉपवर बसून राहतो. वस्तीची, म्हणजे रात्री गावात मुक्कामाला येणारी गाडी चुकली तर काय करायचं हे आधीच ठरवा: कोणत्या ओळखीच्या रिक्षावाल्याला फोन, आणि पैसे कोण देणार. रेल्वेचं गणित विचित्र आहे. बौद्धिक दिव्यांगांची सवलत सोबतीशिवाय प्रवास न करू शकणाऱ्यांसाठी आहे, म्हणजे एकट्याने जायला शिकला की पूर्ण तिकीट!

माणसं आणि सराव

मदतीचा तक्ता भिंतीवर लावा: सकाळी सातला फोन, मंगळवार-शुक्रवार संध्याकाळी एक फेरी, रविवारी पाकिटांचा हिशेब, महिन्याला दवाखाना. समोर माणसाचा फोटो. किमान तीन माणसं हवीत, आणि पैशाचं काम पाहणारा वारसांपैकी नसावा. कलम १३ सुद्धा हेच सांगतं: व्यवहारात स्वतःचा हितसंबंध असेल तर आधार देणाऱ्याने त्या व्यवहारात आधार देऊ नये. गड्याला किंवा मदतनीस बाईला पगार द्या, तास ठरवा. फुकटची मदत पहिल्या लावणीला गळते.

सराव दिवाळीनंतर सुरू करून शिमग्यापर्यंत न्यावा. आधी एक रात्र, मग शनिवार-रविवार, मग आठवडा, मग महिना. मे महिन्यात आणि गणपतीत सुरू करू नका. घर चाकरमान्यांनी भरतं, दिनक्रम मोडतो, आणि प्रत्येक काकाचं एक मत असतं. मदत कमी करायची ती एका वेळी एकच, आणि मागचे चार आठवडे सुरळीत गेले असतील तरच.

सराव फसतो त्यामागे बरेचदा आईचा डबा असतो. ती रोज डबा घेऊन येते, भात करणं थांबतं, आणि महिन्याने सगळे म्हणतात, "याला जमत नाही." डबा वारावर बांधा: बुधवारी आणि रविवारी. दुसरं कारण संध्याकाळ. सहा ते नऊ ही वेळ रिकामी राहिली की माणूस एकटा पडतो, किंवा अनुदानाच्या तारखेला उगवणारे मित्र जमतात आणि बाटली येते. म्हणून देवळातलं भजन, मैदानावरचं क्रिकेट, काजूच्या कारखान्यातली पाळी, काहीतरी पक्कं हवं. काम असेल तर मजुरी रोख किंवा खात्यात. "जेवण-कपडे देतो ना" ही मजुरी नव्हे. घरी कोण येणार, कोणाशी मैत्री, लग्न करायचं का, हेही त्याचं किंवा तिचंच ठरवणं आहे. सज्ञान स्त्रीच्या संमतीशिवाय तिच्या गर्भधारणेबाबत निर्णय लादता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये सुचिता श्रीवास्तव प्रकरणात स्पष्ट केलं आहे.

पालकत्व आणि सातबारा

अठरा वर्षं पूर्ण झाली की आईवडील कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत. मात्र पालक नेमलाच पाहिजे असंही नाही. राष्ट्रीय न्यास अधिनियम १९९९ खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक स्तर समिती पालक नेमते. कलम १४ प्रमाणे पालकाची गरज आहे का आणि कोणत्या कामासाठी आहे, हे समितीला पाहावंच लागतं. म्हणून अर्जात काम लिहा: "अमुक जमिनीच्या व्यवहारापुरतं." "सर्व बाबींसाठी" असं छापील वाक्य भरू नका. नेमलेल्या पालकाने सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि दरवर्षी हिशेब द्यायचा असतो. तो देत नसेल किंवा हेळसांड करत असेल तर कलम १७ खाली त्याला काढता येतं. २०१६ च्या अधिनियमातही पालकत्व मर्यादित आहे: ठरावीक कामासाठी, ठरावीक मुदतीसाठी, दोघांनी मिळून निर्णय घेण्याचं.

जमिनीत खरी मेख आहे. हिंदू उत्तराधिकार अधिनियम १९५६ च्या कलम २८ प्रमाणे आजार किंवा व्यंगामुळे कोणाचाही वारसा जात नाही. वारस नोंदीच्या वेळी तलाठ्याकडे त्याचं नाव भावंडांच्या बरोबरीने जाईल हे पाहा. नावापुढे "अ.पा.क." (अज्ञान पालनकर्ता) लागलेलं दिसलं तर हरकत घ्या; ती नोंद अज्ञान, म्हणजे अल्पवयीन मुलासाठी असते, सज्ञान माणसासाठी नव्हे. हक्कसोडपत्रावर अंगठा घेण्याचा मोसम गणपतीचा, सगळे वारस तेव्हाच गावात असतात. समजावून न सांगता घेतलेल्या अंगठ्याला आव्हान देता येतं. दिव्यांग व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, फोन १५१००. मृत्युपत्रात नुसतं "तहहयात राहील" असं लिहू नका. तसं लिहिलं तर घर भावाचं आणि हा पाहुणा. राहतं घर त्याच्या मालकीचं करा, किंवा नोंदणीकृत न्यास करून त्यात ठेवा.

मारहाण, कोंडून ठेवणं, अनुदान काढून घेणं यांची तक्रार कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे, म्हणजे तहसीलदारांकडेही करता येते. २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमाच्या कलम ७ मध्ये तशी सोय आहे. तातडीला ११२.

पहिला पावसाळा

हिवाळ्यात जमलेलं जूनमध्ये ढासळू शकतं, म्हणून पहिल्या पावसाळ्यापुरत्या फेऱ्या दुप्पट करा. मे अखेरीस त्याला बरोबर घेऊनच बेगमी भरा: तांदूळ, कुळीथ, पोहे, आमसुलं, मीठ, गोळ्या महिन्याभराच्या, भरलेला जादा सिलिंडर. पायऱ्यांवरचं शेवाळ आठवड्याला खराट्याने घासून ब्लीचिंग पावडर. पॉवर बँक आणि साधा बटणांचा फोन, त्यात चारच नंबर, फोटोसकट शक्य असेल तर उत्तम. साकवावरून (ओढ्यावरच्या छोट्या पुलावरून) पाणी जायला लागलं की पलीकडे जायचं नाही, हा नियम बोलून कळत नाही. साकवाच्या खांबावर लाल पट्टा मारा आणि पट्टा बुडला की माघारी, हे पाण्याजवळ उभं राहून तीन-चारदा करून घ्या. शेतात उतरत असेल तर पायावरच्या जखमा झाकून. ताप आला तर अंगावर काढायचा नाही, लेप्टोची (उंदराच्या लघवीने दूषित पाण्यातून, जखमेवाटे होणाऱ्या तापाची) तपासणी त्याच दिवशी. रेंज गेली तर सकाळच्या सातच्या फोनऐवजी शेजाऱ्याने खळ्यात येऊन हाक मारायची, आणि त्याने दार उघडून उत्तर द्यायचं. सव्वासातपर्यंत उत्तर नाही, तर ज्याच्याकडे दुसरी किल्ली आहे त्याने जायचं.